पिंगळ्यासाठी राखलेल्या काचा

पिंगळ्याचा तो फोटो मी आजवर तीन वेळा भिंतीवरून उतरवला आणि तिन्ही वेळा परत लावला. उतरवला की त्याच्या जागी एक चौकोनी पांढरा डाग दिसायचा, आणि त्या डागाकडे बघवत नसे. पिंगळ्याकडे निदान बघता तरी यायचं. आमचे घरमालक, म्हणजे खालच्या कापडदुकानाचे मारवाडी शेठ, माझ्यावर खूप चिडले होते. घुबड ते घुबड, मोठं काय नि लहान काय, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, शेठजी, लक्ष्मीचं वाहन आहे. तर म्हणाले, "लक्ष्मी बसून आली असती तर मीच हार घातला असता. रिकामं वाहन घरात कशाला?" मी हसलो होतो. तेव्हा मला हसू येत असे.

माझं फोटोचं दुकान नंदुरबारच्या मिरची बाजारामागे, माडीवर. आमचा मुलूख त्या काळी पश्चिम खानदेशात मोडायचा. हंगामात मिरचीचा असा खकाणा उडायचा की फोटो काढून घ्यायला बसलेली नवी नवरी आधी शिंकायची, मग नवरदेव शिंकायचा, आणि मी काळ्या कापडाखाली डोळे पुसत बसायचो. अंधाऱ्या खोलीत काचा धुताना त्यांच्यावर लाल धूळ बसे. तरी धंदा बरा चालायचा. व्यापाऱ्यांची घरं, तापीकाठचे गुजर शेतकरी, कचेरीतले कारकून, सगळे माझ्याच जिन्याने वर यायचे. या मुलखात माझ्यासारखा फोटोग्राफर नाही, अशी माझी समजूत होती, आणि ती मी कोणापासून लपवून ठेवत नसे.

इथे आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. तेव्हाचा कॅमेरा म्हणजे तीन पायांच्या तिकाटण्यावर ठेवलेली पेटी. आधी काळ्या कापडाखाली डोकं घालून मागच्या धुरकट काचेवर चित्र नीट लावून घ्यायचं. मग फोटोची काच भरलेली चपटी लाकडी चौकट मागून पेटीत सरकवायची, आणि रबरी फुगा दाबायचा. चौकट सरकवल्याशिवाय फुगा कितीही दाबला तरी फोटो निघत नाही. ही गोष्ट गिऱ्हाइकाला कळत नसे, आणि आम्ही तिचा फायदा घेत असू. कुटुंबाचा फोटो झाला, की कोणी आत्या म्हणायची, आता माझा एकटीचा. मूल रडायचं, माझा काढा. मग आम्ही कापडाखाली जायचं, फुगा दाबायचा, "झालं" म्हणायचं. पेटी रिकामी. आत्या खूश, मूल खूश, काच वाचली. पुढे कोणी विचारलंच तर काच खराब निघाली म्हणायचं. मी हे इतक्यांदा केलं होतं की हात आपोआप चालायचा.

लढाई सुरू होण्याच्या काही वर्षं आधीची गोष्ट. जंगलखात्यातले एक साहेब माझ्याकडे आले. पक्ष्यांचे भारी शौकीन. म्हणाले, गावात छपरावर बसतो तो पिंगळा वेगळा, आणि चिंचपाड्याकडच्या सागाच्या रानात एक वेगळाच आहे. आकाराने तेवढाच, ओंजळीत मावेल असा, पण डोक्यावर ठिपके जवळजवळ नाहीत, पाय जाडजूड, आणि भर उन्हात उघड्या फांदीवर बसतो. त्याचा चांगला फोटो कोणाकडेच नाही. शेवटचं वाक्य त्यांनी माझ्याकडे पाहत म्हटलं. झालं, माझ्या अंगात वारं शिरलं. कोणाकडेच नाही म्हणजे माझ्याकडे असायलाच हवा.

माघ संपता संपता मी बारा काचा, त्या दोन-दोन भरलेल्या सहा चौकटी आणि दोन माणसांचं ओझं घेऊन गाडीने चिंचपाड्याला उतरलो. साहेबांनी तिथला एक वाटाड्या सांगून ठेवला होता. साठीच्या पुढचा, काटक, कमरेला कोयता. त्याला रानातल्या प्रत्येक ढोलीत कोण राहतं ते ठाऊक होतं. गावची सवय म्हणून मी त्या वडिलांच्या वयाच्या माणसाला अरे-तुरे करत होतो. तो मला भाऊ म्हणत होता. घरात ते त्यांच्या बोलीत बोलायचे, माझ्याशी मात्र तो अहिराणी बोलायचा, सावकाश, माझ्यासाठी वेचून काढल्यासारखी. काचांच्या चौकटी एका कापडी थैलीत होत्या. आपटल्या तर सगळं मुसळ केरात, म्हणून मी ती थैली कोणाच्या हाती देत नसे. पण पहिल्या तासाभरातच माझा खांदा भरून आला आणि थैली त्याच्या खांद्यावर गेली. तिच्यात काय आहे, कसं धरायचं, काय हलवायचं नाही, हे मी त्याला एकदा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही.

त्याची झोपडी रानाच्या कडेला होती. बायको आजारी. पोट फुगलेलं, हातापायांच्या काड्या झालेल्या. तिच्याकडे मी फारसं पाहिलं नाही. आजाऱ्याकडे टक लावून पाहू नये असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे माझं सगळं लक्ष झाडांवर होतं.

पहिल्याच सकाळी पिंगळा दिसला. पानं गळालेल्या सागाच्या शेंड्याजवळ उन्हात बसला होता, शेपटी डावी-उजवीकडे झटकत. मी आयुष्यात इतकी माणसं समोर बसवली, पण असं कोणी माझ्याकडे पाहिलं नव्हतं. वर पांढऱ्या भुवया, खाली पिवळे डोळे, आणि त्यांत जराही भीती नाही. "भाऊ, हालू नको," म्हातारा पुटपुटला. "तो आपलेच देखी ऱ्हायना." शेजारच्या झाडावर त्याने दुपारपर्यंत माझ्यासाठी मचाण बांधलं. झाडावर पहिला घाव घालण्याआधी बुंध्याशी मोहाच्या दारूचे चार थेंब शिंपडले आणि काहीतरी बोलला. मी विचारलं काय म्हणालास. म्हणाला, झाडाला सांगून ठेवलं, तोडायला नाही आलो, बघायला आलो.

त्या दिवशी चार काचा खर्ची पडल्या. दोन हलल्या हे मला तिथेच कळलं. बाकी दोन्हींची खात्री नव्हती. उरल्या आठ.

दुसऱ्या दिवशी दुपारी भाकरीसाठी झोपडीवर आलो, तर म्हातारी दारात उभी. लाल लुगडं नेसलेली, गळ्यात चांदी, केस पाणी लावून बसवलेले. सकाळपासून ती तयार होत असणार, कारण उभं राहायलाही तिला दाराचा आधार घ्यावा लागत होता.

"मन्हा फोटू काढशी का, भाऊ?" ती म्हणाली.

माझा अंदाज होता की ही माणसं कॅमेऱ्याला भितील, पेटीत जीव ओढला जातो म्हणून पळतील. तसलं काही नव्हतं. फोटो म्हणजे काय हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिचा एकुलता मुलगा सुरतेच्या पलीकडे रुळांच्या गँगवर कामाला होता. बापाशी भांडून गेला, त्याला चार वर्षं झाली. सुरुवातीला एकदा कोणाकडून तरी लिहून घेतलेलं कार्ड आलं होतं. ते कार्ड तिने लुगड्याच्या पदराला बांधून ठेवलं होतं. तिने गाठ सोडली आणि ते माझ्या हातात दिलं. पत्ता त्याच्यावर आहे, म्हणाली. फोटो त्याला धाडायचा. निरोप धाडून तो येत नाही, त्याला वाटतं बोलवायचं निमित्त आहे. "मन्हं हाई रूप देखी लेई, ते घर येई." आपले दिवस भरत आलेत हे ती सरळ सांगत होती. जाण्याआधी तिला मुलगा बघायचा होता. एवढंच तिला हवं होतं.

आठ काचा होत्या. एक दिली असती तर सात राहिल्या असत्या. मी मनात हिशेब केला तो असा: पिंगळ्याची जोडी ढोलीशी येते ती सकाळची दोन तास, प्रत्येक फोटोला निदान दोन काचा, आणि नंदुरबारला परत जाऊन पुन्हा येणं काही लवकर होत नाही. हिचा पुढच्या खेपेला काढू. मी तोंड भरून "काढतो की" म्हणालो, तिला खाटेवर उन्हात बसवलं, तिकाटणं उभं केलं आणि कापडाखाली गेलो.

कापडाखाली उकडत होतं, पण अंधार होता, आणि सकाळपासून उन्हात डोळे ताणून मी शिणलो होतो. मी डोळे मिटले. मनात दहा मोजले. बाहेर येऊन फुगा दाबला.

"झालं."

"उनी का मी काचमा?" आले का मी काचेत, असं तिने विचारलं. तिचा आवाज आजही मला जसाच्या तसा ऐकू येतो. त्यात लाज होती आणि आनंदही होता.

"आली, आली," मी म्हणालो. "एकदम छान आली."

म्हातारा बाजूला उभा होता. तिला उठवायला त्याने हात दिला.

पुढचे तीन दिवस तो मला पहाटे उठवून रानात नेत होता. नर उंदीर घेऊन ढोलीशी कधी येतो, मादी तोंड कधी बाहेर काढते, सगळं त्याने मला दाखवलं. चौथ्या सकाळी तो फोटो मिळाला. पिंगळा ढोलीच्या तोंडाशी, चोचीत सरडा, आणि डोळे सरळ माझ्यावर. फुगा दाबल्याक्षणी मला समजलं की हा लागला. मचाणावरून खाली उतरलो. म्हाताऱ्याला मी मिठी मारली. आयुष्यात पहिल्यांदा मी त्याच्यासारख्या माणसाला शिवलो असेन.

संध्याकाळी सामान बांधताना त्याने विचारलं, काचा किती उरल्या. मी सांगितलं, दोन. तो तसाच उभा राहिला. आणि मग मी काय केलं, तर मचाणाखाली कॅमेऱ्याच्या शेजारी स्वतः उभं राहायचं माझ्या मनात आलं. साहेबांना, गावात, सगळ्यांना दिसायला हवं की मी कुठे जाऊन आलो. पण एकाच वेळी पेटीपुढे उभं राहून फुगा कोण दाबणार? मी सोबत आणलेला दुसरा, लहान पण त्याच मापाच्या काचांचा कॅमेरा दगडावर बसवला, चौकट सरकवली, आणि फुगा म्हाताऱ्याच्या हातात दिला. मी छाती काढून उभा राहिलो. त्याने फुगा दाबला. फार हळुवार दाबला. शेवटच्या काचेवर मी उगाच एक मोकळं झाड काढून टाकलं.

माझा फोटो झकास आला. पिंगळ्याचा त्याहून. साहेबांनी तो मुंबईला धाडला, कुठल्याशा मासिकात छापून आला. खाली नाव साहेबांचं होतं. मी आठवडाभर धुसफुसलो. अन्याय म्हणजे काय हे आपल्याला कळलं, असं तेव्हा मला वाटलं होतं.

श्रावणात जंगलखात्याचा एक शिपाई साहेबांसाठी आणखी प्रती न्यायला आला. मी सहज विचारलं, तो वाटाड्या कसा आहे. म्हणाला, तो बरा आहे, बायको गेली. पावसाआधी गेली. शेवटी शेवटी गाडीची शिट्टी ऐकू आली की सरपटत दारात येऊन बसायची. फोटो कधीच पोचला म्हणायची, आता येईल तो. रोज शिट्टी झाली की दारात. शिपाई पानाला चुना लावत हे सांगत होता. मग प्रती घेतल्या नि गेला.

तो गेल्यावर मी कागदांच्या पेटीतली कार्डं उपसली. ते कार्ड होतं. पदराच्या गाठीने दुमडलेलं, पत्ता स्वच्छ. मी ते टाकून दिलं नव्हतं आणि वापरलंही नव्हतं. निदान एक ओळ लिहून टाकली असती, आई आजारी आहे, ये. एक कार्ड टाकायचं होतं. पण फोटोच्या जागी पत्र पाठवायचं म्हणजे फोटो नाही हे कबूल करणं आलं, आणि मी पुढच्या खेपेवर टाकत गेलो. मला माझी लाज वाटली. ती लाज मी कोणाला सांगितली नाही, बायकोलाही नाही.

त्यानंतर कापडाखाली जाणं मला जड जाऊ लागलं. डोकं आत घातलं की तो दुपारचा उकाडा यायचा, आणि मोहाचा वास. समोर कोणी का बसलेलं असेना, धुरकट काचेवर मला आधी रिकामी खाट दिसायची. मग हळूहळू तिथे गिऱ्हाईक उमटायचं. दुकानासमोरून जाणाऱ्या एखाद्या बाईने नुसतं वर पाहिलं तरी मला वाटायचं, विचारायला आली. स्टेशन आमच्यापासून फार लांब नाही. गाडीची शिट्टी झाली की माझा हात थांबायचा. बायको म्हणायची, तुम्हाला कोणी येणार आहे का? पिंगळ्याला मी त्याच दिवसांत पहिल्यांदा भिंतीवरून उतरवलं. सरडा तोंडात धरून तो माझ्याकडे बघायचा, आणि त्याचं एकेक पीस मला मोजता यायचं.

अशी बरीच वर्षं गेली. लढाई आली. काचा मिळेनाशा झाल्या, कागद मिळेना. एका दुपारी जिन्यावर पावलं वाजली आणि तिशी ओलांडलेला एक माणूस आत आला. खाकी अर्धी विजार, रुळांवर काम करणाऱ्याचे रुंद हात. दारातच त्याने चपला काढल्या. गावाचं नाव सांगायची गरज नव्हती. म्हाताऱ्याचीच उभं राहायची ढब होती.

"होळीना आगोदर बा गया," तो म्हणाला.

मी त्याला बसवलं, पाणी दिलं. आता हा फोटो मागणार, आणि मी सांगणार, काच खराब निघाली. इतक्या वर्षांची सवय, वाक्य जिभेवर तयार होतं.

त्याने मागितलाच नाही. म्हणाला, फोटो नाही हे बापाला त्याच दिवसापासून माहीत होतं. "थैली त्यानाच खांदवर व्हती ना." काचांच्या चौकटींची थैली सगळा वेळ म्हाताऱ्याच्या खांद्यावर होती, आणि मी तिला हातही लावला नव्हता. पिंगळ्याच्या प्रत्येक फोटोला तो स्वतः चौकट काढून माझ्या हाती देत होता. बायकोच्या फोटोला मी मागितलीच नाही.

"मग बोलला का नाही?" मी म्हणालो. माझाच आवाज चढला. गुन्हा माझा आणि राग मला, असा मी माणूस.

"मायले सांगं नही. ती खुश व्हती." मग त्याने खाली बघत बापाचे शब्द सांगितले: भाऊला आपली आपण लाज वाटेल, तो स्वतःहून काढेल. मागून घेतलं तर त्याचा मान जातो. "तीन दिन वाट देखी त्यानी."

तीन दिवस मी त्याच्याकडून ढोल्या दाखवून घेत होतो, आणि तीन दिवस तो माझ्यासाठी थांबला होता. शेवटच्या संध्याकाळी मी माझ्या स्वतःच्या फोटोचा फुगा त्याच्या हातात दिला होता. खाली बाजारात मिरचीची पोती उतरत होती. मला ठसका लागला आणि बराच वेळ थांबेना. त्या माणसाने उठून मला पाणी दिलं.

मग तो ज्यासाठी आला होता ते त्याने विचारलं. आई गेल्याचं त्याला वर्षाने कळलं होतं. बापाशी तो मग बोलायला लागला, येत-जात राहिला, पण फोटोची ही गोष्ट सोडली तर आईच्या शेवटच्या दिवसांबद्दल म्हातारा कधी बोलला नाही, आणि आता तोही गेला. म्हणून तो माझ्याकडे आला होता. "शेवट माय कशी दिखे?" तुम्ही कापडाखालून नीट पाहिलं असेल ना तिला, तो म्हणाला. फार वाळली होती का? दुखत होतं का? हसली होती का फोटोला?

मी काहीही सांगू शकलो असतो. हसली होती म्हणालो असतो तर तो आनंदाने गेला असता. लोकांना खूश करून परत पाठवण्यात माझं आयुष्य गेलं होतं. मी तिचा चेहरा आठवू लागलो. लाल लुगडं आठवलं, चांदी आठवली, पाण्याने बसवलेले केस आठवले. चेहऱ्याच्या जागी काही नव्हतं.

"मी डोळे मिटले होते," मी म्हणालो. "कापडाखाली. मी बघितलंच नाही तिच्याकडे."

त्याने मान हलवली. रागावला नाही. रागावला असता तर मला सोसलं असतं. ते जुनं कार्ड मी काढून त्याच्यापुढे ठेवलं. त्याने ते उलटंपालटं करून पाहिलं, वाचता येत नव्हतं, तरी खिशात घातलं आणि उठला.

मी त्याला अडवलं. कपाटात चौकटीत भरून ठेवलेल्या दोन काचा होत्या, कोणा शेठच्या लग्नासाठी जपलेल्या. मी म्हटलं, बैस, तुझा काढतो. चांगला काढतो, पैसे नकोत. चौकट त्याच्या डोळ्यांदेखत पेटीत सरकवायला घेतली. तो दारात चपला घालत होता. त्याने एकदा कॅमेऱ्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"कोनले धाडू, भाऊ?" तो म्हणाला, आणि जिना उतरून गेला.